किडनीची गाठ आणि थांबवून ठेवलेले पहारेकरी



घरात कुणाला कॅन्सर निघाला की आठवडाभरात एक वाक्य कानावर येतंच: "प्रतिकारशक्ती कमी पडली हो त्यांची." त्यापाठोपाठ सल्ला येतो, "अमुक पावडर सुरू करा, ताकद वाढेल." मग दोन हजारांचा डबा घरात येतो आणि सीटी स्कॅनसाठी बाजूला ठेवलेले पैसे तेवढे कमी होतात. वॉर्डात नर्स होते तेव्हा हे पाहिलं आणि आता वस्तीत फिरतानाही पाहते. म्हणून आज ही समजूत तपासून पाहू. कॅन्सर होतो तो पहारेकरी कमी पडतात म्हणून का?

उदाहरण किडनीच्या कॅन्सरचं घेऊ, कारण तिथे उत्तर अगदी स्पष्ट दिसतं. या गाठीत पहारेकरी भरपूर असतात. तरीही गाठ वाढते. हे कसं होतं ते समजलं, तर कोणता उपचार खरा आणि कोणता डबा फुकटचा, हेही समजेल.

गाठ कुठे आणि कसली

पाठीकडे, शेवटच्या बरगड्यांच्या आसपास, दोन्ही बाजूंना एकेक किडनी असते. आकार साधारण मुठीएवढा. रक्त गाळून लघवी तयार करणं हे तिचं मुख्य काम. मोठ्या माणसांना होणाऱ्या किडनीच्या कॅन्सरमध्ये चारपैकी जवळपास तीन 'क्लिअर सेल' प्रकारचे असतात. ऑपरेशननंतरच्या रिपोर्टमध्ये हा शब्द दिसतो. या पेशींमध्ये चरबी आणि साखरेचा साठा असतो. काचपट्टी तयार करताना तो धुऊन जातो आणि पेशी रिकाम्या, स्वच्छ दिसतात, म्हणून हे नाव.

या पेशींत बहुतेक वेळा 'व्हीएचएल' नावाचं एक जनुक बिघडलेलं असतं. पेशीला ऑक्सिजन कमी पडला की ती नव्या रक्तवाहिन्या मागवते. ऑक्सिजन पुरेसा असेल तेव्हा ही मागणी बंद ठेवणं हे व्हीएचएलचं काम. ते बिघडलं की पेशीला कायम वाटत राहतं, हवा कमी आहे. ती सतत रक्तवाहिन्या मागवत राहते. म्हणून किडनीची गाठ रक्ताने भरलेली असते. पेशीला ऑक्सिजनची कमतरता कशी कळते, हे शोधून काढल्याबद्दल विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा या तिघांना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

गाठीत कोण कोण असतं?

गाठ म्हणजे नुसता कॅन्सरच्या पेशींचा गोळा, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तिथे आठवडी बाजारासारखी गर्दी असते. कॅन्सरच्या पेशी, रक्तवाहिन्या, आधार देणारे तंतू, आणि या सगळ्यांत मिसळलेल्या शरीराच्या स्वतःच्या रोगप्रतिकारक पेशी. २०१७ साली स्वित्झर्लंडमधल्या झुरिचच्या शास्त्रज्ञांनी किडनीच्या कॅन्सरच्या ७३ रुग्णांच्या गाठींतल्या पेशी एकेक करून तपासल्या. एकूण सुमारे ३५ लाख पेशी. त्यात 'टी' पेशींचे २२ आणि भक्षक पेशींचे १७ वेगवेगळे नमुने सापडले. म्हणजे पहारा नव्हताच, असं म्हणायला जागा नाही.

यातल्या मुख्य पेशी ओळखून घेऊ.

मारक टी पेशी: रिपोर्टमध्ये किंवा माहितीपत्रकात यांना 'सीडी-८' म्हणतात. बिघडलेली पेशी ओळखून तिला थेट मारणं हे यांचं काम.

मदतनीस टी पेशी: 'सीडी-४'. या इतरांना निरोप देतात, कामाला लावतात. एचआयव्हीच्या तपासणीत ज्यांची संख्या मोजतात त्याच या.

नियामक टी पेशी: यांचं काम आवर घालण्याचं. या नसत्या तर आपल्या पेशींनी आपल्याच सांध्यांवर, थायरॉईडवर, आतड्यांवर हल्ला केला असता. पण गाठीत या जास्त झाल्या की मारक पेशींनाही आवरून धरतात.

भक्षक पेशी: यांना मॅक्रोफेज म्हणतात. जंतू आणि मेलेल्या पेशी खाणं, जखम भरून आणणं ही यांची कामं. गाठीच्या आत गेल्यावर यातल्या बऱ्याच पेशी बाजू बदलतात. खाण्याऐवजी 'जखम भरायची आहे' अशा थाटात वागू लागतात, नव्या रक्तवाहिन्यांना मदत करतात आणि मारक पेशींना थोपवतात.

यांशिवाय नैसर्गिक मारक पेशी असतात, प्रतिपिंड बनवणाऱ्या 'बी' पेशी असतात. काही गाठींमध्ये बी आणि टी पेशी एकत्र येऊन छोटी ठाणी तयार करतात. ज्यांच्या गाठीत अशी ठाणी असतात, त्यांना पुढे सांगितलेली औषधं अधिक लागू पडण्याची शक्यता असते, असं अलीकडच्या वर्षांत दिसून आलं आहे.

पहारेकरी जास्त, तरी निकाल वाईट

आता कोड्याची गोष्ट. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये गाठीत मारक टी पेशी जितक्या जास्त, तितका रुग्ण जास्त काळ जगण्याची शक्यता. सरळ हिशेब आहे. क्लिअर सेल किडनी कॅन्सरमध्ये मात्र शास्त्रज्ञांना नेमकं उलटं दिसलं. मारक पेशींची गर्दी जास्त असलेल्या रुग्णांचे निकाल बरेचदा वाईट निघाले.

असं का? कारण त्या पेशी हजर असतात, पण काम करत नाहीत. एखाद्याला महिनोन्‌महिने सुट्टीशिवाय रात्रपाळी लावली तर तो खुर्चीवर बसलेला दिसतो, डोळेही उघडे असतात, पण समोरून चोर गेला तरी उठत नाही. टी पेशींचं तसंच होतं. सतत समोर शत्रू असला की त्यांच्या अंगावर 'पीडी-१' नावाचं बटण जास्त संख्येने उगवतं. हे बटण म्हणजे ब्रेक. निरोगी शरीरात तो गरजेचा आहे. जंतूंशी लढाई संपल्यावर तो दाबला जातो, म्हणून टी पेशी शांत होतात. कॅन्सरच्या पेशी आणि बाजू बदललेल्या भक्षक पेशी याचाच फायदा घेतात. त्या आपल्या अंगावर 'पीडी-एल१' नावाचा हात उगवतात आणि टी पेशीचा ब्रेक दाबून धरतात.

२०२१ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी सुरुवातीच्या टप्प्यातल्या आणि पसरलेल्या अशा दोन्ही गाठींतल्या पेशींची तुलना केली. आजार जसजसा पुढच्या टप्प्यात जातो, तसतशा थकलेल्या मारक पेशी आणि बाजू बदललेल्या भक्षक पेशी दोन्ही वाढत जातात, असं दिसलं. दोघी एकमेकींना तसंच ठेवतात. भक्षक पेशी टी पेशींना थकवतात, आणि थकलेल्या टी पेशींचे निरोप भक्षक पेशींना त्याच वागणुकीत अडकवतात.

म्हणून शेजाऱ्यांच्या त्या वाक्याला आपलं उत्तर असं आहे: या आजारात अडचण पहारेकऱ्यांच्या संख्येची नाही. त्यांना थांबवून ठेवलं आहे, ही अडचण आहे.

संख्या वाढवून पाहिली, मग ब्रेक सोडून पाहिला

संख्या वाढवण्याचा प्रयत्न डॉक्टरांनीही केला होता. टी पेशींची वाढ करणारं 'इंटरल्यूकिन-२' नावाचं औषध अमेरिकेत १९९२ साली पसरलेल्या किडनी कॅन्सरसाठी मंजूर झालं. खरोखरचा 'बूस्टर' म्हणावा असं हे औषध. काही मोजके रुग्ण त्याने पूर्ण बरे झाले आणि वर्षानुवर्षं बरे राहिले. पण बहुतेकांना उपयोग झाला नाही. शिवाय मोठ्या डोसमध्ये रक्तदाब धोकादायकरीत्या खाली यायचा, फुप्फुसात पाणी व्हायचं, रुग्णाला आयसीयूसारख्या देखरेखीखाली ठेवावं लागायचं. सगळ्यांना एकदम डिवचलं की शरीराचे काय हाल होतात, ते यातून कळलं.

दुसरा रस्ता ब्रेकचा. जपानमध्ये तासुकू होन्जो यांच्या प्रयोगशाळेने १९९२ साली पीडी-१ शोधलं. अमेरिकेत जेम्स ॲलिसन यांनी 'सीटीएलए-४' नावाच्या दुसऱ्या ब्रेकवर काम केलं. दोघांना २०१८ साली नोबेल मिळालं. या कामातून जी औषधं आली त्यांना इम्युनोथेरपी म्हणतात. ती कॅन्सरच्या पेशीला मारत नाहीत. टी पेशीच्या ब्रेकवरचा हात काढतात, पुढचं काम टी पेशी करते.

निवोलुमॅब हे त्यातलं एक. ८२१ रुग्णांच्या मोठ्या चाचणीत, आधीची औषधं निकामी झालेल्या रुग्णांना निवोलुमॅब किंवा तेव्हाचं नेहमीचं औषध दिलं. निवोलुमॅबवाल्या गटाचं मध्यम आयुष्य २५ महिने, दुसऱ्या गटाचं १९.६ महिने. गाठ ठळकपणे लहान झाली ती १०० पैकी २५ जणांची, दुसऱ्या गटात फक्त ५ जणांची. पुढे निवोलुमॅब आणि इपिलिमुमॅब ही जोडी आली. मध्यम आणि जास्त धोक्याच्या रुग्णांत तिने १०० पैकी ४२ जणांची गाठ लहान केली आणि ९ जणांच्या स्कॅनमध्ये गाठ दिसेनाशीच झाली. आता अनेक रुग्णांना ब्रेक सोडणारं औषध आणि रक्तवाहिन्यांची मागणी रोखणारी गोळी असं दोन्ही मिळून देतात. सुरुवातीला सांगितलेला व्हीएचएलचा बिघाड आठवा, म्हणजे ही गोळी कशासाठी ते लक्षात येईल.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचा. ४२ जणांना फायदा झाला, म्हणजे ५८ जणांची गाठ तेवढी लहान झाली नाही. हा चमत्कार नाही. पण ज्या कॅन्सरवर नेहमीची केमोथेरपी फारशी चालतच नाही, तिथे हा मोठा बदल आहे. "आमच्या माणसाला केमो का देत नाही?" असं नातेवाईक रागाने विचारतात. किडनीच्या या कॅन्सरमध्ये केमो न देणं म्हणजे हयगय नव्हे.

मग त्या डब्याचं काय?

कोणतीही पावडर, काढा, रस किंवा भस्म टी पेशीच्या ब्रेकवरचा हात काढत नाही. अशक्त रुग्णाला डाळ, अंडी, भाकरी, भाजी, दूध असं नीट जेवण हवं, ते द्या. पण 'इम्युनिटी' लिहिलेल्या डब्याने गाठीतल्या थकलेल्या पेशी जाग्या होत नाहीत.

नुकसान मात्र होऊ शकतं. काही भस्मांत पारा आणि शिसं सापडलेलं आहे, आणि दोन्ही किडनीला घातक आहेत. ज्याची एक किडनी काढली आहे त्याला हा धोका परवडणारा नाही. गुडघेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांमध्ये कधी कधी स्टिरॉइड मिसळलेलं असतं. स्टिरॉइड टी पेशींना दाबतं, म्हणजे महागाच्या इंजेक्शनने सोडलेला ब्रेक ती पुडी पुन्हा दाबू शकते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्याही मनाने घेऊ नका.

इम्युनोथेरपी चालू असेल तर घरच्यांनी काय बघायचं

ब्रेक सुटला की टी पेशी कधी कधी आपल्याच अवयवांवर जातात. हे काही आठवड्यांत होऊ शकतं, किंवा औषध थांबवल्यावर काही महिन्यांनीही. पुढीलपैकी काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता हॉस्पिटलला कळवा:

- दिवसात नेहमीपेक्षा चार किंवा जास्त वेळा पातळ जुलाब, शौचात रक्त, पोटात कळा
- नवीन कोरडा खोकला, धाप
- छातीत दुखणं, धडधड, चक्कर
- डोळे पिवळे, लघवी गडद
- अंगभर पुरळ, तोंडात फोड
- खूप थकवा, सतत झोप, न थांबणारी डोकेदुखी
- खूप तहान आणि वारंवार लघवी
- लघवी एकदम कमी होणं, पायावर सूज

गल्लीतल्या दवाखान्यात जुलाबाची साधी गोळी घेऊन घरी बसू नका. डॉक्टर कुठलाही असो, पहिलं वाक्य हेच सांगा: "यांना इम्युनोथेरपी चालू आहे." अशा वेळी हॉस्पिटलचे डॉक्टर स्वतःच स्टिरॉइड देतात. ते बरोबर आहे, घाबरू नका. मापात आणि देखरेखीखाली दिलेलं स्टिरॉइड वेगळं, बिननावाच्या पुडीतलं वेगळं.

उपचार सुरू होण्याआधी टीबीबद्दल जरूर सांगा. आधी झाला असेल, घरात कुणाला असेल, तरी सांगा. ब्रेक सोडणाऱ्या औषधांवर असताना दबलेला टीबी उफाळल्याची उदाहरणं नोंदवलेली आहेत. टीबी लपवण्यासारखी गोष्ट नाही, आणि इथे लपवलात तर रुग्णाच्या जिवावर येऊ शकतं.

पैशाचं काय?

खरं सांगायचं तर ही इंजेक्शनं फार महाग आहेत आणि लाखांत खर्च जातो. म्हणून घर-दागिने गहाण टाकण्याआधी काही प्रश्न विचारा. विचारणं हा आपला हक्क आहे.

एक, "आजार किडनीपुरताच आहे की पसरला आहे?" किडनीपुरता असेल तर मुख्य उपचार ऑपरेशन आहे. कधी फक्त गाठ काढतात, कधी पूर्ण किडनी. दुसरी किडनी चांगली असेल तर एका किडनीवर माणूस कामधंदा करत जगतो. काही जास्त धोक्याच्या रुग्णांनाच ऑपरेशननंतर इम्युनोथेरपी सुचवतात.

दोन, "या औषधाने यांना किती फायदा अपेक्षित आहे, आणि तो होतोय की नाही हे कधी कळेल?" साधारणपणे काही डोसनंतर स्कॅन करून ठरवतात.

तीन, "ही तपासणी केल्याने उपचार बदलणार आहे का?" उदाहरणार्थ पीडी-एल१ ची तपासणी. काही कॅन्सरमध्ये ती उपचार ठरवते. किडनीच्या कॅन्सरमध्ये त्यावर औषध द्यायचं की नाही हे सहसा ठरत नाही.

चार, "हे योजनेत बसतं का?" महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसतो. ॲडमिट होण्याआधी रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन त्याला भेटा. कोणतं ऑपरेशन, कोणतं औषध योजनेत आहे ते विचारून घ्या. राज्यातल्या धर्मादाय हॉस्पिटलांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. तिथल्या समाजसेवकाला भेटा. नकार मिळाला तर तो लेखी मागा.

डोसबद्दलही एक गोष्ट माहीत असू द्या. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलने डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये निवोलुमॅबचा फक्त २० मिलिग्रॅमचा डोस, दर तीन आठवड्यांनी, इतर स्वस्त औषधांबरोबर देऊन पाहिला. नेहमीचा डोस याच्या कितीतरी पट असतो. एक वर्षानंतर हयात असणाऱ्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. ही चाचणी किडनीच्या कॅन्सरची नव्हती, त्यामुळे आपण स्वतः डोस कमी करायचा नाही. पण "कमी खर्चाचा काही मार्ग, किंवा एखादी चाचणी चालू आहे का?" हे सरकारी कॅन्सर हॉस्पिटलमध्ये विचारायला काहीच हरकत नाही.

सगळ्यात स्वस्त उपाय: लवकर ओळखणं

पहारेकरी थकण्याआधी गाठ काढली तर हा सगळा खर्च टळू शकतो. अमेरिकेतल्या नोंदींनुसार, किडनीपुरत्याच असताना सापडलेल्या कॅन्सरमध्ये दहापैकी नऊ जण पाच वर्षांनंतरही हयात असतात. पसरल्यावर हे प्रमाण खूप खाली येतं.

लघवी लाल, गुलाबी किंवा चहाच्या पाण्यासारखी दिसली, एकदाच दिसली, दुखलं नाही, आपोआप थांबली, तरी लघवीची तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी करून घ्या. न दुखणारं रक्त जास्त गांभीर्याने घ्यायचं. बायका "उन्हाळी लागली असेल" किंवा "पाळीचं असेल" म्हणून सोडून देतात. तसं करू नका. बीट खाल्ल्याने लघवी लाल होते आणि टीबीच्या रिफाम्पिसिन गोळीने केशरी होते, हेही लक्षात ठेवा. शंका असेल तर तपासणीत कळतं. कुशीत सतत दुखणं, गाठ हाताला लागणं, कारण नसताना वजन उतरणं, पंडुरोग, न जाणारा बारीक ताप, हीसुद्धा लक्षणं असू शकतात. यातलं प्रत्येक लक्षण कॅन्सरचंच असतं असं नाही. मुतखडा आणि जंतुसंसर्ग जास्त आढळतात. पण ते ठरवायचं तपासणीने.

धोका वाढवणाऱ्या गोष्टी आपल्या ओळखीच्या आहेत: बिडी-सिगारेट, जास्त वजन, उच्च रक्तदाब, वर्षानुवर्षं डायलिसिस. धातूचे सुटे भाग धुण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ट्रायक्लोरोइथिलीन या रसायनाने किडनीचा कॅन्सर होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने जाहीर केलेलं आहे. वर्कशॉपमध्ये असं काम करणाऱ्यांनी डब्यावरचं नाव वाचावं, हातमोजे आणि हवेशीर जागा मागावी.

उजळणी

चारचौघी बसून वाचत असाल तर शेवटी एकमेकींना हे विचारा.

१. किडनीच्या गाठीत मारक टी पेशी कमी असतात का? (नाही. भरपूर असतात, पण थकलेल्या आणि थांबवलेल्या.)
२. पीडी-१ म्हणजे काय? (टी पेशीवरचा ब्रेक.)
३. इम्युनोथेरपी काय करते? (ब्रेकवरचा हात काढते.)
४. ती चालू असताना जुलाब किंवा धाप लागली तर? (त्याच दिवशी हॉस्पिटलला कळवायचं.)
५. लघवीत एकदाच, न दुखता रक्त गेलं तर? (लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी.)

आणि कुणी डबा घेऊन दारात आलं, तर त्याला एकच प्रश्न विचारा: "हा डबा कोणता ब्रेक सोडतो?" उत्तर मिळेपर्यंत पैसे पिशवीतच ठेवा. ते सोनोग्राफीला लागतील.